दुधाचा दर आणि पगाराची तारीख

नगरहून मनमाड रस्त्याने निघालं की राहुरी गाव यायच्या आधी महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा विस्तार लागतो. गाव मागे टाकून कोल्हारकडे गेलं की लागते राहुरी फॅक्टरी. विद्यापीठ १९६८ सालचं. त्याच्याही आधी, पन्नाशीच्या दशकात, सहकारातून साखर कारखाना उभा राहिला, आज डॉ. बाबुराव बापूजी तनपुरे यांच्या नावाने ओळखला जाणारा. या दोन ठिकाणांनी तालुक्यातल्या कितीतरी घरांना महिन्याच्या महिन्याला पगार दिला. पश्चिमेला बारागाव नांदूरजवळ २६ टीएमसीचं मुळा धरण आहे. त्याच्या पाण्यावर ऊस आला, कांदा आला, घास आणि मका आला, आणि चाऱ्यामागे संकरित गायी आल्या. त्यामुळे नोकरी करावी की आपलं आपण काही करावं, हा प्रश्न इथल्या घरांत चहाच्या कपासारखा रोज समोर येतो.

अशाच एका घरातले हे दोन भाऊ. त्यांना थोरला आणि धाकटा एवढंच म्हणू. वांबोरीपासून देवळाली प्रवरेपर्यंत कुठल्याही वस्तीवर ही जोडी भेटेल. थोरला विद्यापीठात लिपिक, १९९८ साली लागलेला, निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेली. धाकटा नागापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मशीनवर. २०१४ च्या दिवाळीनंतर लागला, अकरा वर्षं झाली, हातात २६ हजार येतात. जाऊन-येऊन साठेक किलोमीटर, तीन शिफ्ट, आणि नगर-मनमाड रस्त्याचे खड्डे तर साऱ्या जिल्ह्याला पाठ आहेत. घरी तीन एकर बागायत, चार गायी, मुलगी आठवीत, मुलगा चौथीत.

धाकट्याला नोकरी सोडायची आहे. पीएफ आणि ग्रॅच्युइटी हातात आली की आणखी आठ गायी घ्यायच्या, बारा जनावरांचा मुक्त संचार गोठा करायचा.

थोरल्याचा याला साफ विरोध आहे. रविवारी दुपारी ओट्यावर बसून त्याने वही काढली, कारकुनी अक्षरात दोन रकाने पाडले.

"तुझं अकरा वर्षांचं काय निघतं ते आधी बघू. बेसिक आणि डीए धरून सोळा हजार. ग्रॅच्युइटी म्हणजे पंधरा भागिले सव्वीस, गुणिले अकरा. एक लाख दीड हजार. पीएफ साडेतीन लाखांच्या आसपास. आणि पेन्शन? ईपीएसमध्ये पंधरा हजारांच्या वरचा पगार धरतच नाहीत. पंधरा हजार गुणिले अकरा, भागिले सत्तर. जास्तीत जास्त दोन हजार तीनशे सत्तावन्न रुपये महिना, तेही अठ्ठावन्नाव्या वर्षापासून. आणखी वीस वर्षं राहिलास तर हाच आकडा सहा हजारांच्या वर जाईल."

"दादा, तुम्ही हे सगळं तुमच्या नोकरीकडे बघून बोलता," धाकटा म्हणाला. "तुम्ही २००५ च्या आधी लागलात. तुमचं शेवटचं बेसिक जेवढं असेल त्याच्या निम्मी पेन्शन तुम्हाला मिळणार, वर महागाई भत्ता. मला एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर सहा हजार. त्या सहा हजारांत तेव्हा गॅसची टाकी तरी येईल का?"

धाकट्याचा हा मुद्दा पक्का आहे. महाराष्ट्र सरकारच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर आलेल्या बहुतेकांना जुनी पेन्शन नाही. त्यांच्या पगारातून कपात होते, सरकार आपला वाटा घालतं, आणि तो पैसा बाजारात गुंतवला जातो. मार्च २०२३ मध्ये शिक्षकांपासून परिचारिकांपर्यंत लाखो कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी आठवडाभर संपावर गेले, तेव्हा एकाच कार्यालयात शेजारी-शेजारी बसणाऱ्या दोन माणसांच्या म्हातारपणात केवढं अंतर पडलं आहे, हे राज्याने पाहिलं. सरकारी नोकरीचं हे, तर खासगीतल्याचं विचारायलाच नको. घरातले वडीलधारे पोटतिडकीने सांगतात, "नोकरी सोडू नकोस." पण त्यांच्या डोळ्यांसमोर असते ती नोकरी बहुतेकदा आता कुणाला मिळतच नाही. मोठ्यांच्या सल्ल्यात खोट नसते, त्यांचा अनुभव एका विशिष्ट तारखेच्या आधीचा असतो.

धाकट्याने फॅक्टरीकडे बोट केलं. "कारखान्यातली नोकरी म्हणजे काय रुबाब होता, दादा! कायम कामगार म्हटलं की सोयरीक चालून यायची. आज तिथल्या माणसांना विचारा."

हे सांगायला त्याला दूर जावं लागलं नाही. गेल्या दशकात कारखान्याचे अनेक हंगाम बंद गेले, जिल्हा सहकारी बँकेचं कर्ज थकलं, आणि आपल्या थकलेल्या पैशासाठी कामगारांना आंदोलनं करावी लागली. वस्ती, शाळा, दुकानं, एसटीचा थांबा, सगळं ज्याच्या नावाने वसलं त्याचंच गाळप थांबलं. साखर कामगारांची पेन्शनही ईपीएस-९५ मधलीच, जिची किमान रक्कम २०१४ पासून महिना एक हजार रुपये आहे. उभं आयुष्य गाळपाच्या पाळीत काढलेल्या माणसाला ती काय पुरणार?

विद्यापीठाची गोष्ट निराळी आणि तितकीच बोलकी. त्याच्यासाठी आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. जमीन गेली म्हणजे त्या घराचा धंदाच गेला. त्याच्या बदल्यात नोकरी मिळावी म्हणून प्रकल्पग्रस्तांच्या पुढच्या पिढ्या वर्षानुवर्षं अर्ज घेऊन फिरल्या. कुणाला मिळाली, कुणाचं वय उलटून गेलं. रान हातचं गेलं की परत येत नाही, आणि जागा निघायची वाट बघण्यात माणसाची उमेद खर्ची पडते.

थोरला हे ऐकून गप्प बसणारा नव्हता.

"कारखाना बुडाला, कबूल. पण म्हणून दूधधंदा तरतो असं कुठे आहे? जुलै २०२३ मध्ये सरकारने साडेतीन फॅट, साडेआठ एसएनएफला चौतीस रुपये दर ठरवला. दिवाळी होते न होते तोच दूध सव्वीस-सत्तावीसवर आलं. जानेवारी २०२४ पासून लिटरमागे पाच रुपये अनुदान द्यावं लागलं सरकारला. त्यासाठी गायीच्या कानात बिल्ला, बँक खातं, आधार, सगळं जुळलं तर. तू मशीनवर एक पार्ट कमी काढलास तर तुझा पगार आठ रुपयांनी उतरतो का?"

मग त्याने बारा जनावरांचा हिशेब मांडला. आठ गायी दुधात, चार भाकड किंवा कालवडी. गायीमागे पंधरा लिटर, म्हणजे रोज एकशेवीस लिटर. तीस रुपये दर धरला तर महिन्याला १ लाख ८ हजार. दुधातल्या गायीला पेंड, भुसा, मुरघास, मिनरल मिक्श्चर मिळून रोजचे २८० रुपये, भाकड जनावराला १३०. महिन्याचा चारा-खुराक ८२,८००. डॉक्टर, वीज, रेतन, किरकोळ मिळून सहा हजार. उरले १९,२००.

"हे तीसला. दर चौतीस झाला तर तेहतीस हजार सहाशे उरतील, पार्टी दे. सव्वीस झाला तर चार हजार आठशे. बारा जनावरं, शेणकूट, रात्री-अपरात्री वेणारी गाय, आणि हातात चार हजार आठशे. आठ रुपयांच्या फरकात महिन्याला २८,८०० रुपये इकडचे तिकडे होतात. आणि तो दर ठरवणारा माणूस तुझ्या ओट्यावर कधी येत नाही."

धाकटा म्हणाला, "चारा घरचा आहे की."

"घरच्या घासाला पाणी फुकट आहे? खत फुकट? त्याच रानात कांदा घेतला असतास तर?"

"कांदा!" धाकटा हसला. "८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, ४ मे २०२४ ला उठली. त्याच काळात वांबोरीला आपला कांदा कोणत्या भावाने गेला, तुम्हीच पट्टी बघितली होती ना? कांद्यापेक्षा दूध परवडलं. निदान दर दहा दिवसांनी दुधाचा पगार खात्यावर येतो."

लम्पीचा विषय निघाला तेव्हा मात्र दोघेही क्षणभर थांबले. २०२२ च्या पावसाळ्यात त्या साथीने महाराष्ट्रभर जनावरांचे बाजार बंद पाडले. नगर जिल्ह्यालाही तिचा मोठा फटका बसला. दगावलेल्या दुभत्या गायीमागे सरकारने तीस हजार रुपये भरपाई दिली. चांगली पंधरा-वीस लिटरची गाय ऐंशी-नव्वद हजारांना येते. थोरल्याचा सगळा राग याच ठिकाणी होता. अकरा वर्षांचा पीएफ एका गोठ्यात बांधायचा, आणि त्या गोठ्यात एक ताप शिरला की संपलं.

त्याच्या या भीतीला जिल्ह्यात आणखी एक संदर्भ आहे. स्वतःचा धंदा करणाऱ्याची बचत कंपनी कापून घेत नाही, ती त्यानेच बाजूला ठेवायची असते, आणि इथल्या माणसाचा पैसा वर्षानुवर्षं गावच्या पतसंस्थेत किंवा नागरी बँकेत जात आला. ऑक्टोबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने नगर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवानाच रद्द केला. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण तरी असतं. पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा लागू नाही. धंदा नीट चालवूनही माणूस ठेव ठेवण्याच्या जागेमुळे अडचणीत येऊ शकतो. धाकट्याने याचा विचारच केला नव्हता, आणि थोरल्याने हे बोलून दाखवलं ते बरं केलं.

तरी धाकट्याकडे एक मोठं नाव होतं. "लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नोकरी सोडली नसती तर किर्लोस्करवाडी झाली असती का?"

थोरला वाचणारा माणूस. त्याने उत्तर दिलं ते धाकट्याला अपेक्षित नव्हतं. लक्ष्मणराव मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. बढती डावलली गेली म्हणून त्यांनी ती नोकरी सोडली, हे खरं. पण बेळगावातलं सायकलचं दुकान त्याच्या आधीच सुरू झालं होतं. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे आणि थोरले बंधू रामूअण्णा बेळगावात त्या विकायचे, लोकांना चालवायला शिकवायचे. म्हणजे एक भाऊ पगारावर आणि एक भाऊ दुकानावर, असं ते घर काही वर्षं चाललं. पुढे कडबा कापायचं यंत्र आलं, लोखंडी नांगर आला. लोखंडाने जमीन विषारी होते, असं शेतकऱ्यांना वाटायचं. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. किर्लोस्करवाडी उभी राहिली ती १९१० साली.

"दोन वर्षं एक नांगर खपला नाही," थोरला म्हणाला. "तुझ्याकडे दोन वर्षं थांबायला काय आहे, ते सांग. पोरगी आठवीत आहे. दोन वर्षांनी दहावी."

नोकरी सोडून मोठे झालेल्यांच्या गोष्टी सांगताना आपल्याकडे हा मधला काळ नेहमी गाळला जातो. त्या काळात घरात कुणाचा पैसा येत होता, कोण रांधत होतं, मुलांची फी कोण भरत होतं, हे लिहिणारा लिहीत नाही. संसार असलेल्या माणसाला नेमकं तेच हवं असतं.

एव्हाना धाकट्याची बायको गोठ्यातून आली होती. संध्याकाळचं दूध काढायला अजून अवकाश होता. तिने हात धुतले आणि ओट्याच्या पायरीवर बसली. थोरल्या जाऊबाई आत चहा टाकत होत्या. वही दोघा भावांच्या मध्ये उघडीच होती, ती तिने आपल्याकडे ओढली.

"दादा, यात माझा रोज कुठे धरलाय?"

थोरला वहीकडे बघत राहिला. दोन रकाने, बेरजा बरोबर, पेंडेचा भाव सुद्धा त्या आठवड्याचा. गोठ्यात काम करणाऱ्या माणसाचा रकाना नव्हता.

"हे शिफ्टला जातात. चार गायी मीच बघते. पाचला उठते, शेण उचलते, धारा काढते, कॅन संकलन केंद्रावर नेऊन घालते. परत येऊन पोरांचे डबे. दुपारी कुट्टी, संध्याकाळी पुन्हा तेच. दुधाचं खातं ह्यांच्या नावावर. आता बारा जनावरं म्हणता. चारच्या जागी बारा झाली की काम तिप्पट नाही होत, दादा, माणूस मोडतो. गडी ठेवायचा तर पंधरा हजारांखाली जोडपं मिळत नाही. ते पंधरा हजार तुमच्या एकोणीस हजारांतून वजा करा."

वजा केले तर चार हजार दोनशे उरतात. गडी ठेवला नाही आणि नवरा-बायकोने मिळून गोठा बघितला, तर एकोणीस हजार दोघांत, म्हणजे माणशी साडेनऊ हजारांच्या आसपास. धाकट्याची आजची कमाई एकट्याची २६ हजार आहे.

हे केवळ या घरापुरतं नाही. २०२३-२४ च्या केंद्रीय श्रमबल सर्वेक्षणात देशातल्या काम करणाऱ्यांपैकी ५८ टक्क्यांहून अधिक लोक स्वयंरोजगारात मोजले गेले. नियमित पगारावर असलेले जेमतेम २२ टक्के. पण त्या ५८ टक्क्यांत घरच्या धंद्यात बिनपगारी राबणारे हातही येतात, आणि त्यांत बायकांचं प्रमाण मोठं. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाईची रोजची २८९ मिनिटं त्यात जातात असं दिसलं, घरकाम करणाऱ्या पुरुषाची ८८. गोठ्याचं काम यावर आणखी. नवरा धंद्याला लागतो तेव्हा अनेक घरांत बायको आधीपासूनच त्या धंद्यात राबत असते. म्हणून "नोकरी की धंदा" हा प्रश्न घरातल्या एका माणसाला विचारून सुटणारच नाही. विचारायचं तर दोघांना, आणि दोघांच्या तासांचा हिशेब समोर ठेवून. या सबंध चर्चेत सर्वांत नेमकं बोलली ती पायरीवर बसलेली बाई.

"म्हणजे तुझं पण नोकरी सोडू नका असंच म्हणणं ना?" धाकटा थोडा दुखावला होता.

"तसं नाही हो. २०२० च्या लॉकडाऊनला कंपनी बंद होती, पगार अर्धाच आला, तेव्हा दुधावरच चूल पेटली. आणि दर सव्वीसवर आला तेव्हा पेंडेची पोती कुणाच्या पैशाने आली? तुमच्या पगारातून. म्हणून म्हणते, एक सोडून दुसरं धरायचं असेल तर आधी सांगा, सव्वीसचा महिना आला की पेंड कुठून आणायची."

या प्रश्नावर मात्र धाकट्याने जे मांडलं ते ऐकण्यासारखं होतं. तो गेले काही महिने हेच डोक्यात घोळवत असावा. सगळं दूध संकलनाला घालायचं नाही, असं त्याचं म्हणणं. विद्यापीठाच्या वसाहतीत, राहुरी गावात, कॉलेज रोडला लोक पिशवीच्या दुधाला पंचावन्न रुपये मोजतात. त्यांतली चाळीस घरं धरली आणि रोज तीस लिटर ताजं दूध त्यांना पंचावन्नने दिलं, तर लिटरमागे पंचवीस रुपये जास्त सुटतात. दिवसाला साडेसातशे, महिन्याला साडेबावीस हजार. "आता मी रोज दोन तास त्या रस्त्यावर घालवतो. तेच दोन तास गावात दूध वाटायला लागतील. दर मी ठरवीन. फॅटचं मशीन नाही, कपात नाही."

थोरल्याने आकडा पुन्हा करून पाहिला. बरोबर होता. गड्याचे पंधरा हजार देऊनही हिशेब उभा राहत होता.

"उधारी?" त्याने विचारलं. "महिन्याच्या शेवटी पैसे म्हणणारी दहा घरं निघतील. त्यांतली दोन बदली होऊन निघून जातील."

"जातील. लिटरला दोन रुपये त्यात गेले असं धरू."

"आणि गाय भाकड झाली, तीस लिटर भरलं नाही, तर? गिऱ्हाइकाला सकाळी दूध लागतंच. तू दुसऱ्याचं घेऊन घालशील, मग दर्जा गेला. किंवा पाणी घालशील."

"पाणी घालणार नाही."

"ते मला माहीत आहे. पण चाळीस घरांना दोन वर्षं ते कळलं पाहिजे."

आजारपणाचं पलीकडून थोरल्या जाऊबाईंनी विचारलं. कंपनीचा गट विमा आहे, तो नोकरीबरोबर जाईल. धाकट्याचा पगार एकवीस हजारांच्या वर गेल्यापासून ईएसआयसी तसंही सुटलेलंच. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आता सगळ्या रेशनकार्डधारकांना लागू आहे, वर्षाला पाच लाखांपर्यंत. ठरावीक रुग्णालयांत, ठरावीक उपचारांना. मोठ्या ऑपरेशनला तिचा आधार आहे, रोजच्या ताप-खोकल्याला आणि तपासण्यांना खिशातूनच. थोरल्याने रकान्यात वर्षाचे पंधरा हजार "औषधपाणी" म्हणून लिहिले. घरच्या गोष्टींत त्याचा हात आखडता नाही.

लग्नाचाही विषय निघाला, कारण भाच्याची सोयरीक जमत नव्हती. तीन एकर बागायत आणि बारा गायी असलेल्या मुलाला मुलगी मिळत नाही, आणि कंपनीत कंत्राटावर पंधरा हजारांवर असलेल्याला मिळते, हे या भागात सगळ्यांनी बघितलं आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता. लोक हसले, पण त्या पोरांचं दुःख खरं होतं, आणि मुलींची घटलेली संख्या हे त्यामागचं कारणही तितकंच खरं. मुलीच्या बापाला पगाराची तारीख माहीत असते, दुधाचा दर नसतो. आणि मुलीला गोठ्यात काय वाट्याला येतं, हे तिने आपल्या आईकडे बघूनच ठरवलेलं असतं. धाकट्याच्या बायकोने नेमकं हेच म्हटलं: "माझी पोरगी गोठा असलेल्या घरात जाईल का, ते माझा गोठा बघून ठरवील."

संध्याकाळच्या धारेची वेळ झाली तेव्हा कुणी कुणाला पटवलं नव्हतं. पण वहीत काही गोष्टी उतरल्या होत्या. राजीनामा मुलीच्या दहावीपर्यंत नाही. पीएफला हात लावायचा नाही. गायी वाढवायच्या त्या विकत आणून नाही, घरच्या दोन कालवडी येत्या वर्षात वेतील त्यांवर. त्यासाठी कोणतं रेतन भरायचं ते थोरला विद्यापीठाच्या गो-संशोधन प्रकल्पात विचारणार होता. होल्स्टिन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून तिथे तयार झालेली फुले त्रिवेणी त्याने नोकरीला लागल्यापासून जवळून बघितली आहे. धारा काढायचं यंत्र पहिल्यांदा येणार, आठव्या गायीच्या आधी. संकलन केंद्रावरचं खातं बायकोच्या नावावर करायचं. हे शेवटचं कलम तिने स्वतः लिहिलं, तारीख घालून.

थोरल्याला तरीही वाटतं की धाकट्याने शेवटपर्यंत नोकरी ठेवावी. धाकट्याला वाटतं की चाळिशी उलटली की एमआयडीसी माणसाला नकोसं करते, कायम माणसाच्या जागी कंत्राटी पोरं येतात, तेव्हा आपणहून निघालेलं बरं. हे दोन्ही अंदाज आहेत, आणि दोघांच्याही डोळ्यांसमोर ओळखीची माणसं आहेत.

एक गोष्ट लगेच सुरू करता येण्याजोगी होती. चार गायींचं दूध आहेच, त्यांतलं दहा लिटर विद्यापीठाच्या वसाहतीत घालून बघायचं. गिऱ्हाईक टिकतं का, पैसे वेळेवर येतात का, हे नोकरी असतानाच कळेल. थोरल्या जाऊबाईंनी ओळखीची सात-आठ घरं तिथल्या तिथे मोजली. अडचण एवढीच होती की धाकट्याची पहिली पाळी असली की तो सकाळी सहालाच निघतो. मग दूध न्यायचं कुणी?

"दादा रोज नऊला तिकडेच जातात," धाकट्याची बायको म्हणाली.

"मी? अगं, सरकारी नोकराला धंदा करता येत नाही. वर्तणूक नियम आहेत, १९७९ चे."

"धंदा माझा आहे, दादा. खातं पण माझ्या नावावर होतंय. तुम्ही फक्त वाटेवर कॅन सोडायचा."

थोरल्याने नियमाचा क्रमांक आठवून बघितला. मग वही पुन्हा उघडून विचारलं की दहा लिटरचा कॅन गाडीच्या पुढच्या बाजूला मावेल का, आणि नऊपर्यंत दूध नासू नये म्हणून ते सकाळी किती वाजता गार करायला ठेवावं लागेल.